पळीला लागलेली साय

खर्डी, मंगळवार, दिवेलागणीनंतर

काय करून बसले मी!

आमच्या छोट्याशा वाइनरीत पांढऱ्या वाइनचं एक पिंप निराळं ठेवलंय. मालकीण मॅडम ते कधी काठोकाठ भरू देत नाहीत. काल त्यावर पांढरी साय दिसली. लोणच्याच्या खारावर अशी साय आली की आमी काढून टाकतो. म्हणून आज घरची पळी नेली आणि दुपारी सगळी साय काढून फेकली. वर स्वतःवर खूश!

संध्याकाळी मॅडम आल्या. त्या पिंपाच्या खालच्या नळातून पेल्यात थोडी वाइन काढून म्हणाल्या, "घे, चव बघ." खारट, जराही गोडी नाही, वास भाजलेल्या शेंगांचा. माझं तोंड वाकडं झालं. त्या हसल्या. "ही वरच्या सायीची करामत. जिवंत असते ती. तीन वर्षं जपलीय. ती नसली तर हवा लागून सगळी वाइन आंबेल. उद्या झाकण उघडून दाखवते तुला."

मी पेला खाली ठेवला. तेव्हाच का नाय बोलले?

घरी सासूबाईंनी पिशवीतली पळी काढली. "काय चिकटलंय गो हिला? थांब, घासते."

"नको आई!" मी ओरडलेच. पळीच्या कडेला नखाएवढी साय उरलीय.

विरजण संपलं तर शेजारून वाटीत मागून आणते. हे कुणाच्या दारी मागू?

उद्या आधी पळी मॅडमच्या हातात देईन, मग तोंड उघडेन. आत्ता ती ओल्या फडक्याखाली आहे. सारखं फडकं उचलून बघतेय. जिवंत असेल ना?