अलिनाच्या आजीची कपबशी

जुमेरा लेक टॉवर्स, दुबई
५ फेब्रुवारी २०२३

ती. आत्यास शि. सा. न.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि तुझ्या लेकाला, निनादला, व्हॉट्सॲप वाचून दाखवायला वेळ नाही, म्हणून हे पत्र, गाडीने तीन-चार तासांवरच्या रुवैसला. आमच्या टॉवरमध्ये अलिना राहायला आलीय. तिची ज्यू आजी महायुद्धात हिटलरच्या तावडीतून निसटून मुंबईला आली, ती दादरला आपल्याच घरी राहिली होती. मराठी मंडळामार्फत अलिनाने मला शोधून काढलं. माझ्या आजीने, म्हणजे तुझ्या आईने, तिच्या आजीला दिलेली निळ्या काठाची कपबशी अलिनाने अजून जपलीय. त्यातून घरातलं दुसरं कुणी प्यायचं नाही, एवढा मान होता म्हणे. १८ तारखेला, शनिवारी, मंडळाच्या प्रोग्रॅममध्ये ती स्टेजवर दाखवून मी आजीबद्दल बोलणार आहे. अभिमानाने ऊर भरून आलाय. तू तर डोळ्यांनी पाहिलंयस, डिटेल्स कळव.

माया आहेच, ती चार ओळींत इकडेही पाठव.
तुझी मृणालिनी

रुवैस
११ फेब्रुवारी

चि. सौ. मृणालिनीस अ. आ.

ऊर जरा आवर. शेजारीपाजारी नाकं मुरडत असताना आईने त्या बाईंना पुढची खोली दिली, हे खरं. त्यांच्या तापात रात्ररात्र उशाशी बसली, तेही खरं. पण कपबशी कसली मानाची? आईचं सोवळं कडक. विटाळ नको म्हणून ती वेगळी, मागच्या गॅलरीतल्या कोनाड्यात. चहा पिऊन बाई स्वतः विसळून ठेवायच्या. जाताना आईने ती बरोबर दिली, कारण घरात ती कुणाला चालणार होती?

बिचारीने जन्मभर जपली, याचंच मला वाईट वाटतं. अलिनाला खरं सांग. स्टेजवर थापा मारल्यास तर निनादला गाडी काढायला लावून मी तिथे येईन.

रागावले तरी तुझीच,
आत्या

दुबई
१५ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न.

तुझं ऐकलं. खरं सांगायचंच म्हणून काल अलिनाला चहाला बोलावलं. वाक्यं पाठ करून ठेवली होती. आमच्याकडे कामाला येणारी हलिमा ओटा पुसत होती. अलिना मदत करायला किचनमध्ये शिरली आणि कप शोधताना तिने सिंकखालचं कपाट उघडलं. फिनेलच्या बाटलीशेजारी हलिमाचा मग. हा कुणाचा, असं तिने विचारलं. हलिमाने सरळ सांगून टाकलं, की तो तिचा, मॅडमकडे दुसरं कुणी त्यातून पीत नाही.

अलिनाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मिठी मारून म्हणाली, की तुमच्या घराण्याने हा मान अजून चालू ठेवलाय. हलिमाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा ओटा पुसायला लागली. पाठ केलेली वाक्यं तशीच ठेवून मी चहा गाळायला घेतला. मेल्याहून मेल्यासारखं झालं गं.

आता अलिनाचा हट्ट आहे की शनिवारी हलिमालाही स्टेजवर न्यायचं, मगासकट. हलिमा हो म्हणालीय.

लोभ ठेव, आणि निनादला गाडी काढायला सांगच.
तुझी मृणालिनी