वरच्या मजल्याची मालकीण

मी, वेताच्या खुर्च्या विणणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, राहणार स्वतःच्याच दुकानामागच्या खोलीत, हा कागद स्वखुशीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला असून तो सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण वकील म्हणतात की कायद्याला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याचे प्रयत्न झाले, त्यांची हकीकत पुढे येईलच.

माणसांची पूर्ण नावे व पत्ते वकिलांनी वेगळ्या पानावर जोडले आहेत. इथे मी प्रत्येकाला रोजच्या ओळखीनेच लिहिणार आहे, नाहीतर कुणाबद्दल चालले आहे ते माझे मलाच कळायचे नाही.

१. याआधी मी दोन मृत्युपत्रे केली होती. पहिले रागाच्या भरात, दुसरे शहाणपणाच्या भरात. दोन्ही रद्द समजावीत. दुसऱ्याची मला जास्त लाज वाटते, कारण ते लिहिताना मी स्वतःवर फार खूश होते.

२. दुकान, मागची खोली आणि वरचा मजला (दोन खोल्या, स्वयंपाकघर, गळका सज्जा) ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ती सर्व मी माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, वय वर्षे सव्वीस, पूर्ण मालकी हक्काने देत आहे. ‘पूर्ण’ या शब्दाखाली मी रेघ मारली आहे. ती चुकून पडलेली नाही.

भाचीला ऑटिझम आहे. सरकारी कागदावर ‘स्वमग्न’ असे लिहितात. तो शब्द तिला मान्य नाही. “मी स्वतःत मग्न नसते,” ती म्हणते, “मला ट्यूबलाइटचा आवाज ऐकू येतो, तुम्हाला येत नाही, एवढंच.” दुकानातली ट्यूबलाइट मी त्याच आठवड्यात काढून टाकली. तेव्हापासून माझी डोकेदुखी गेली, हे मी तिला अजून सांगितलेले नाही. आता वाचेल.

अठराव्या वर्षी तिची शाळा संपली आणि पुढे काहीच नव्हते. दोन वर्षे ती घरी बसली. ‘बसली’ हा शब्द बरोबर आहे, कारण उठून करायला तिच्यासाठी कुणी काही ठेवलेच नव्हते. बहीण तिच्या पाण्याचा ग्लास भरायची, तिच्या चपला जोडून ठेवायची आणि तिला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरेही द्यायची. एका दुपारी बहिणीला दाताच्या डॉक्टरकडे जायचे होते, म्हणून तिने मुलीला माझ्याकडे ठेवले. अर्धा तास भाची माझ्या विणीकडे बघत होती. मग म्हणाली, “हे भोक चुकलंय.” चुकले होते. मी उसवले. इतक्या वर्षांत माझी चूक काढणारी ती पहिलीच. दुसऱ्या दिवशी मी तिला परत बोलावले. बहिणीला वाटले, मी दया करते आहे. मला मदतनीस हवी होती.

कुणी असे समजू नये की ती पहिल्या दिवसापासून जादू करू लागली. वेताची शेवटची गाठ आवळायला तिला नऊ महिने लागले. मला चार लागले होते, पण मला शिकवणारा माणूस माझ्यापेक्षा बरा होता. गिऱ्हाइकाशी बोलणे तिला आजही जमत नाही आणि फोन ती उचलत नाही. ती वीण घालते, मी बोलते. दोघींपैकी कोणाचे काम गिऱ्हाइकाला जास्त आवडते, हा प्रश्न मी कुणाला विचारत नाही.

३. वरच्या मजल्याचा ताबा तिच्याकडे चार वर्षांपासून आहे, हे सर्वांना माहीत असावे. आधी ती तिथे फक्त दुपारी राहायची. मग आठवड्यातून एक दिवस. मग गॅस लावायला शिकली, मग बाजारात जायला, मग एकटी बसने यायला. प्रत्येक पायरीला बहीण खाली दुकानात येऊन बसायची आणि छताकडे बघायची. तिचे यजमान, म्हणजे माझे मेहुणे, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, घरूनच फोन करायचे. एका दिवसात अकरा. त्यांचे प्रत्येक वाक्य “ताई, तुमचं मन मोठं आहे, पण” असे सुरू व्हायचे. त्या ‘पण’च्या पलीकडे मी कधीच फारसे ऐकले नाही.

दोन वर्षांपूर्वी वरचा पाण्याचा पाइप फुटला. मी बाहेर होते. भाची एकटीच होती. पाण्याचा आवाज, भिंतीचा आवाज, खाली दुकानात टपटप. ती कान झाकून टेबलाखाली गेली आणि तासभर तिथून निघाली नाही. मी परतले तेव्हा नवा आणलेला सगळा वेत भिजून गेला होता. वेत भिजवावाच लागतो, पण इतका नाही. संध्याकाळी बहीण आणि मेहुणे आले. त्यांनी तिची बॅग भरली. मेहुणे ती घेऊन जिना उतरू लागले. मीही त्यांना अडवले नाही. हे मला इथे लिहिलेच पाहिजे. मला वाटले, हरलो आपण.

भाची जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिली. म्हणाली, “बाबा, मला भीती वाटली. मला इथेच राहायचंय. दोन्ही खरं आहे.”

मेहुणे थांबले. हेडक्लार्क माणूस, एका अर्जात दोन खऱ्या गोष्टी असू शकतात हे त्यांना पटायला वेळ लागला. मग त्यांनी बॅग पायरीवर ठेवली. भाची खाली आली, बॅग उचलली आणि वर गेली.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. तो फार मोठ्याने बोलतो. त्याला लिहून दाखवायला सांगितले तर त्याला राग आला, पण त्याने लिहिले. मुख्य नळ कुठे, कोणत्या बाजूला फिरवायचा, नाही फिरला तर काय. नळाला त्याने लाल रंग दिला. भाचीने कानावर घालायचे जाड हेडफोन नळाशेजारच्या खिळ्याला टांगले. सर्वांनी मिळून ठरवले की फोन करायचा नाही, मेसेज करायचा. आधी मला, मग प्लंबरला, मग बाबांना. पुढे पाइप पुन्हा एकदा फुटला. मला मेसेज आला: ‘नळ बंद केला. लादी ओली. हळू चाल.’

४. आता दुसऱ्या मृत्युपत्राबद्दल. ते मी गेल्या वर्षी केले. घर भाचीला दिले होते, पण नऊ अटींवर. देखरेख मेहुण्यांची. एकटी असताना तळण करायचे नाही. भाडेकरू विचारल्याशिवाय ठेवायचा नाही. लग्नाचे ठरले तर कळवायचे, वगैरे. वकिलांनी कौतुक केले. मी ते भाचीला वाचायला दिले. मला वाटले, ती खूश होईल.

तिने पेन्सिल घेतली आणि प्रत्येक अटीपुढे एक प्रश्नचिन्ह काढले. नऊ. मग विचारले, “हे कुणासाठी लिहिलंस?”

“तुझ्यासाठी.”

“मग मला विचारलं का नाहीस?”

पाच वर्षे मी मेहुण्यांना हेच ऐकवत आले होते: तिला विचारा, तिला विचारा. आणि स्वतःची वेळ आली तेव्हा वकिलांना विचारले. मेहुण्यांच्या कानावर हे गेले. ते हसले नाहीत, त्यांना वळण चांगले आहे. पण त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे दोनदा चहा घेतला आणि दुसऱ्या कपाला साखर जास्त मागितली. हा हिशेब मी विसरणार नाही.

५. त्यानंतर आम्ही दोघी चार रविवार बसलो. पुढची व्यवस्था भाचीने ठरवली आहे, मी फक्त उतरवून घेते आहे.

बँकेच्या व करांच्या कागदांसाठी ती तिच्या बाबांना विचारेल. कारण तिचेच शब्द: “ते फॉर्म दोनदा वाचतात.” मी हे मेहुण्यांना वाचून दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. चष्मा स्वच्छ होता.

आलेली अवघड पत्रे शेजारचे चष्मेवाले तिच्यासोबत वाचतील. घरातल्या दुरुस्तीला प्लंबर. त्याने आवाज कमी ठेवायचा प्रयत्न करावा. दुकानात गिऱ्हाइकांशी बोलायला ती माणूस ठेवेल. निवड तिची. गप्पिष्ट माणूस तिला चालेल, फक्त तिच्याशी गप्पा नकोत.

हे सर्व सल्ला देतील. निर्णय भाचीचा. सल्ला आणि निर्णय यांत फरक पडला, तर निर्णय खरा. तिचा निर्णय चुकला, तर तो तिचा चुकलेला निर्णय. माझेही पुष्कळ चुकले आहेत आणि त्यासाठी कुणी माझे घर काढून घेतले नाही.

आणखी एक, हेही तिचेच: न विचारता कुणी तिच्या स्वयंपाकघरातली भांडी हलवायची नाहीत. वकील म्हणाले, हे मृत्युपत्रात बसत नाही. भाची म्हणाली, बसवा.

६. माझ्या धाकट्या बहिणीला मी खिडकीजवळची आरामखुर्ची देते. गेली पंचवीस वर्षे तिने मुलीच्या पुढ्यात उभे राहून काढली आहेत. अट एकच: खुर्चीत बसावे. टेकून. तिच्यावर कपडे वाळत घातलेले आढळल्यास खुर्ची भाचीने परत घ्यावी. बाळ, तू वाईट आई नव्हतीस. तू फार जवळ उभी होतीस, एवढेच.

७. हत्यारे, म्हणजे दाभण, टोच्या, लाकडी खुंट्या, वेत भिजवायचे घमेले, सर्व भाचीला. छोटी हातोडी तिचीच आहे, ती माझ्या मिळकतीत धरू नये. बँकेतली शिल्लक तिच्या नावे. आकडा ती मला विचारत नाही, तुम्हीही विचारू नये.

८. शाळा सोडताना एका तपासनीस बाईंनी भाचीच्या दाखल्यावर ‘स्वतंत्र आयुष्य जगणे शक्य दिसत नाही’ असा शेरा मारला होता. तो कागद त्यांना सन्मानाने परत द्यावा. मागची बाजू कोरी होती, म्हणून तिथे भाचीने गेल्या महिन्याच्या ऑर्डरी लिहिल्या आहेत. देण्याआधी तेवढ्या उतरवून घ्याव्यात.

९. कोपऱ्यावरच्या प्लास्टिक खुर्च्यांच्या दुकानदाराने वीस वर्षे माझी गिऱ्हाइके पळवली. त्याला मी क्षमा करते. त्याच्याकडून घेतलेली, तिसऱ्या दिवशी पाय मोडलेली खुर्ची माळ्यावर आहे. तीही त्याला परत करावी, म्हणजे क्षमा पुरी होईल.

१०. हे मृत्युपत्र अमलात आणायला वकील व मेहुणे यांना नेमते. मेहुण्यांनी फोन करू नये. मेसेज करावा.

साक्षीदार म्हणून भाचीलाही सही करायची होती. जिला मिळकत मिळते तिने सही करायची नसते, असे वकिलांनी सांगितले. तिने कारण विचारले. त्यांनी तीनदा समजावले. तिसऱ्या वेळी तिला पटले आणि मला वाटते त्यांनाही.

हा सर्व मजकूर मी तिला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, दोन ठिकाणी स्वल्पविराम कमी आहेत. ते घातले. मग म्हणाली, “मावशी, तू मेलेली मला आवडणार नाही.”

वकील म्हणतात, या वाक्याला कायद्यात काही अर्थ नाही, खोडून टाका. मी खोडलेले नाही.

वरील मजकूर वाचला, समजला आणि माझा म्हणून मान्य केला.

सही: खुर्चीवाल्या बाई (पूर्ण सही जोडपानावर)

साक्षीदार पहिले: शेजारचे चष्मेवाले. दोघांच्या समक्ष सही झाली.
साक्षीदार दुसऱ्या: डॉक्टरीणबाई. बाई शुद्धीवर आहेत, गरजेपेक्षा जास्त.

ठिकाण: दुकानामागची खोली, खिडकीशी.
दिनांक: नऊ मार्च, मंगळवार, सकाळी साडेअकरा.