वच्छलाबाईंना काढून वाढलेला उतारा

अहो,

कुकरमध्ये वरण-भात आहे, एका माणसापुरता. तुमच्या आईंना आणि ईश्वरीला घेऊन मी जामनेरला माझ्या माहेरी चालले आहे.

टॅबवरच्या गाव वसवायच्या गेममध्ये तुम्ही गावकऱ्यांना घरच्यांची नावं दिलीत, तेव्हा आईंना केवढं कौतुक वाटलं होतं. रविवारी पिकाचा माणशी उतारा वाढावा म्हणून त्यातली आईंच्या नावाची म्हातारी वच्छलाबाई तुम्ही गावाबाहेर काढलीत. "माले कसाले काढं रे भाऊ?" आईंनी विचारलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "काम ना धाम, नुसती बसून खातेस."

त्या दिवसापासून आई अर्धीच भाकरी खातात. तुमच्या लक्षात आलं नसेल.

आज सकाळी टॅब मी घेतला आणि तुमचीच युक्ती पुढे नेली. मला काढलं, ईश्वरीला काढलं, झुलालमामांपासून सगळ्यांना काढलं. तुमच्या नावाचा भूषण तेवढा ठेवला. विहीर शेताला लागून आहे, कोठार शिगोशीग भरलंय, माणशी उतारा कधी नव्हे एवढा आलाय.

मी बराच वेळ बघत बसले होते. तो एकटाच नांगरत राहतो. गेम काही संपत नाही.

दिपमाला