मुदीरचा मोकळा तास

उम्म अल क्वैन,
२ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप ताईस,
अंबादासचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं कानातलं यंत्र बिघडल्यापासून फोनवर मी ओरडतो आणि तू सगळ्यालाच "जेवले" म्हणतेस. म्हणून लिहायला बसलो. या कागदाचा फोटो तुझ्या सुनेच्या, लतिकाच्या मोबाइलवर येईल. चष्मा लावून वाच, आणि उत्तर हातानेच लिही. तुझं अक्षर बघून बरेच दिवस झाले.

विषय कुत्र्याचा आहे. आत्ताच हसू नकोस, पुढे जागा आहे.

आमची अंतरा सप्टेंबरात नोकरीसाठी रॉटरडॅमला गेली आणि जाताना तिचा कुत्रा आमच्या गळ्यात घालून गेली. तिने त्याचं नाव ऑस्कर ठेवलं होतं. वर्कशॉपमधल्या पोरांनी दोन दिवसांत ते बदलून मुदीर केलं. मुदीर म्हणजे इथे मॅनेजर. दिवसभर सावलीत पडून दुसऱ्यांची कामं बघायची आणि मध्येच उठून उगाच एक चक्कर मारायची, हे बघून ठेवलेलं नाव आहे. अंगाने वासराएवढा, जातीने वाळवंटी, पाय लांबच लांब आणि पळायला जागा नाही. त्यामुळे संध्याकाळ झाली की घरी मान वर करून रडतो. ते साधं भुंकणं नव्हे. लाउडस्पीकरसमोर कोणी शंख फुंकावा तसं असतं.

शेजाऱ्यांनी तक्रार केली. घरमालकाचा माणूस लियाकत येऊन सांगून गेला, की तीस तारखेपर्यंत कुत्रा गप्प झाला पाहिजे, नाहीतर कुत्रा गेला पाहिजे. अंतराला कळवलं, तर तिने अल ऐनकडच्या एका फार्मवरचं कुटुंब शोधूनसुद्धा ठेवलं. ते लोक तीसला संध्याकाळी न्यायला येणार. तिचा मेसेज आला: "बाबा, इट्स ओके, यू ट्राइड." ताई, मी अजून काही केलंच नव्हतं.

कुत्री शिकवणारा एक मास्तर गाठला. त्याने मुदीरला पाच मिनिटं बघितलं आणि मला दहा मिनिटं. म्हणाला, रोज तासभर पट्ट्याशिवाय पळू द्या, रडणं बंद होईल. पण इथे पट्ट्याशिवाय कुत्रा रस्त्यावर दिसला तर दंड. म्हणजे जागा बंदिस्त हवी. दुबईकडे अशी बाग आहे म्हणतात. जायला तास, यायला तास, आणि एका खेपेला पन्नास दिरहम, म्हणजे आपले बाराशे रुपये. बाराशे रुपये देऊन मी स्वतः कधी कुठे पळलो नाही. तेव्हा चारी बाजूंनी कुंपण असलेली, गावाजवळची आणि फुकटची जागा शोधतो आहे.

आणि गंमत बघ, या गावातली निम्मी कुंपणं मीच घातलेली. हमरिया फ्री झोनमध्ये वेल्डरचा हेल्पर होतो, तिथून स्वतःच्या वर्कशॉपपर्यंत आलो ते जाळीच्या जोरावर. माझ्या कार्डावर बावीस वर्षं एकच वाक्य छापलेलं आहे, इंग्रजीत आणि अरबीत: कुत्रंसुद्धा आत शिरणार नाही.

मला स्वतःला कुत्र्याचं फारसं काही नाही. गेला तर गेला. पण शोधून बघतो.

सविताचा नमस्कार. लोभ आहेच, त्यात माझ्यापुरती थोडी भर घालावी.

तुझा,
अंबादास

-

पलूस,
६ नोव्हेंबर

चि. अंबादास यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. मी दोनदा वाचलं आणि एकदा लतिकाला वाचून दाखवलं. ती पोळ्या लाटता लाटता हसून खालीच बसली.

मी चाळीस वर्षं चित्रकला आणि भूमिती शिकवली. पानावर कुठे किती रंग सांडला ते मला लगेच दिसतं. तुझ्या पत्रात तुझी बायको, सविता, एकदाच आली, तीही नमस्कारापुरती. कुत्र्याने दोन पानं खाल्ली. आणि शेवटी लिहितोस, फारसं काही नाही. बरं.

इथे कुत्र्याला सोडायला जागा कोणी शोधत नाही, बांधायला शोधतात. त्यामुळे मी काय सल्ला देणार? एवढंच विचारते, कुंपणवाला तू, मग दुसऱ्याच्या दारात जागा मागत कशाला फिरतोस? पण चार ठिकाणी अपमान करून घेतल्याशिवाय तू ऐकायचा नाहीस, म्हणून जोर करत नाही.

उन्हात टोपी घाल. लहानपणी नव्हतास, आता तरी शहाणा हो, आणि मला लिहीत राहा.

तुझी,
ताई

-

उम्म अल क्वैन,
१३ नोव्हेंबर

तीर्थरूप ताईस सा. न. वि. वि.

चार नाही, दोनच ठिकाणी झाला. पण व्यवस्थित झाला.

पहिलं ठिकाण एका शाळेचं मैदान. कुंपण माझं, चौदा वर्षांपूर्वीचं, अजून एक खांब हललेला नाही. पहारेकरी ओळखीचा. त्याने मला चहा पाजला, मुदीरला पाणी पाजलं आणि आत सोडायला नकार दिला. मी म्हटलं, अरे बाबा, ही जाळी मी लावली आहे. तर म्हणाला, साहेब, लावताना तुम्हीच बजावलं होतं, कितीही ओळखीचा असू दे, सोडायचं नाही. त्याला शाबासकी देऊन परत आलो.

दुसरं म्हणजे फुटबॉलचं टर्फ. उंच जाळी, खाली गवत, अगदी हवं तसं. दुपारचा तास फुकट, पण स्पर्धेत नोंदलेल्या संघांनाच. खिडकीवरच्या मुलीने फॉर्म दिला. खेळाडू किमान पाच. मी लिहिलं: मुदीर, ऑस्कर, मुदीर ऑस्कर, ऑस्कर अंबादास आणि खुद्द अंबादास. ताई, संघ मंजूर झाला. जर्सीची मापं विचारणारा ईमेलसुद्धा आला. आम्ही दोघं ठरल्या वेळी हजर झालो, तर समोरून दुसरा संघ आला. कराचीची पोरं, एकेक सहा फूट. त्यांनी काहीच हरकत घेतली नाही. फक्त आमचा गोलकीपर कोणता, एवढं विचारून घेतलं. पहिल्याच मिनिटाला मुदीरने चेंडू फोडला आणि आम्ही स्पर्धेतून बाद.

परत येताना अलीमियाँ भेटले. हर्णैचे आहेत, माझ्या शेडला लागूनच त्यांची शेड, होड्यांची दुरुस्ती करतात. कुत्र्याला ते शिवत नाहीत, नमाजाचं असतं, पण लांबून विचारपूस रोज करतात. त्यांनी आमच्या दोघांच्या शेडमागे बोट दाखवलं. तिथे मोठी मोकळी जागा आहे. चारी बाजूंनी आठ फुटी भिंत, एकच मोठं गेट, आणि पाचनंतर ट्रक येत नाहीत. जागेच्या मालकाला, म्हणजे आमच्या अरबाबला फोन केला. तो म्हणाला, खुशाल कर, पण गावातल्या सगळ्यांच्या कुत्र्यांना फ्री, हबीबी, फ्री. म्हणजे फुकटची जागा शोधायला निघालेला मीच फुकटची जागा वाटणारा झालो.

असो. मधोमध गोल कुंपण घालतो आहे. विघ्नेश, माझा फोरमन, कामाला लागलासुद्धा. बावीस तारखेला, शनिवारी उद्घाटन. मागच्या पानावर आराखडा काढला आहे. तुझ्या नजरेखालून जाऊ दे.

सविता म्हणते, तिचं नाव या पत्रात तीनदा लिही. सविता, सविता. हे धरून तीन झाले. माया पातळ करू नये.

तुझा,
अंबादास

-

पलूस,
१६ नोव्हेंबर

चि. अंबादास यास आशीर्वाद.

आराखडा बघितला. गोल चांगला आला आहे, शाळेत असताना कधी आला नव्हता.

खालची फूटभर जाळी तू बाहेरच्या अंगाने लावली आहेस. बाहेरून कोणी ढकलली तर ती आणखी घट्ट बसेल, ते कळलं. पण आतून ढकलली तर? कुत्री कुठल्या अंगाला असणार आहेत? दुसरं, चारी बाजूंनी भिंत आहे असं तूच लिहितोस. मग आत पुन्हा कुंपण कशाला?

मला धंद्यातलं कळत नाही. लतिकाच्या मुलालाही हेच वाटलं, पण तो चौथीत आहे.

आशीर्वादात काही कमी नाही.

ताई

-

उम्म अल क्वैन,
२३ नोव्हेंबर

तीर्थरूप ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या शंका वेळेवर पोचल्या होत्या. बावीस वर्षं धंदा करणाऱ्याला पलूसहून भूमिती शिकवतात, असं सविताला म्हणालो आणि कागद खिशात घातला. आता ऐक.

काल उद्घाटन झालं. मुदीर धरून सहा कुत्री आली, मालकांसकट. सविताने रिबन कापली. आम्ही सगळे आत गेलो, दार लावलं, पट्टे सोडले. मुदीरने कडेकडेने वास घेत अर्धी फेरी मारली, एका जागी थांबला आणि डोक्याने खालची जाळी ढकलली. ती झडपेसारखी वर उचलली गेली. तो बाहेर, जाळी पुन्हा जागेवर. त्याच्यामागून बाकीची पाच, एकामागून एक, बँकेच्या रांगेत असल्यासारखी. शेवटचा एक लठ्ठ पग अर्ध्यात अडकला, तर त्याच्या मालकिणीने दया येऊन त्याला मागून ढकललं. मग तिच्या लक्षात आलं.

विघ्नेशची चूक नाही. बावीस वर्षं आम्ही कुत्र्यांना बाहेर ठेवत आलो. पोरांचे हात आपोआप तसेच चालले.

नशीब, की अलीमियाँनी मोठं गेट लावून घेतलं, म्हणजे रस्त्यावर कोणी गेलं नाही. आम्ही सहा माणसं कुंपणाच्या आत आणि सहा कुत्री कुंपण आणि भिंत यांच्या मधे. त्यांना आता परत आमच्याकडे यायचं होतं. पण काम माझं. बाहेरून आत शिरायला जागा नाही, आणि गडबडीत दार उघडायचं कोणालाच सुचलं नाही. अलीमियाँ भिंतीला टेकून बराच वेळ बघत होते. मग गंभीरपणे म्हणाले, "शेट, काम एकदम फर्स्टक्लास झालाय. एक पन कुत्रा आत येत नाय."

पाऊण तास ती कुत्री फट शोधत कुंपणाभोवती गोल गोल धावली आणि आम्ही आतून हाका मारत जागच्या जागी गोल फिरलो. दोन मालकांना चक्कर आली. शेवटी कुत्रीच थकून आडवी झाली, तेव्हा जाऊन पट्टे लावले.

खलास. विघ्नेश म्हणतो, सगळी जाळी उलटी करायला आठ दिवस. आठ दिवस कुठे आहेत? तीसला अल ऐनचे लोक गाडी घेऊन येणार. मुदीरलाही वाईट वाटलं असावं. काल संध्याकाळी तो रडलासुद्धा नाही. उंबऱ्यात पसरला तो सकाळी उठला.

अंतराला अजून कळवलेलं नाही. तूही लतिकाला सांगू नकोस म्हटलं असतं, पण फोटो तिच्याच मोबाइलवर येतो.

तुझा,
अंबादास

-

पलूस,
२४ नोव्हेंबर

चि. अंबादास,

आशीर्वाद नंतर घे, आधी हे वाच. विघ्नेशला थांबव.

तुझंच पत्र तू वाचत नाहीस का रे? कुत्रा पाऊण तास पळाला. पट्ट्याशिवाय पळाला. भिंतीच्या आत पळाला. घरी येऊन रडला नाही. मास्तराने दुसरं काय सांगितलं होतं?

जाळी आहे तशी राहू दे. रोज आत जाऊन बस. बसायला खुर्ची ने, तुझे गुडघे मला माहीत आहेत.

तुझी,
ताई

-

उम्म अल क्वैन,
३० नोव्हेंबर

तीर्थरूप ताईस,
शिरसाष्टांग, आणि या वेळी खरोखरच. वि. वि.

सोमवारपासून रोज पाचला आम्ही सगळे मालक आत जाऊन बसतो. प्लॅस्टिकच्या सहा खुर्च्या आणल्या आहेत. सविता थर्मास आणि पोहे आणते. बाहेरून कुत्री धावतात. एक दिवस मला वाटलं, आत बसायची तरी काय गरज? भिंत आहेच, जागा मोकळी आहे, बाहेरच उभा राहतो. तर मुदीर माझ्या बुटावर डोकं ठेवून झोपला. मी आत गेलो की तो धावतो, मी बाहेर आलो की तो झोपतो. म्हणजे कुंपण लागतंच, ताई. फक्त माझ्यासाठी लागतं. तुझ्या दुसऱ्या शंकेचं हे उत्तर.

आज तीस तारीख. अल ऐनचे लोक सातला येणार होते. लियाकत आधी घरी गेला आणि मग सव्वापाचला इथे आला. चेहरा संशयी. म्हणाला, शेजारी सांगतात सहा दिवस आवाज नाही, कुत्रा लपवला तर नाही ना? मी आतूनच म्हटलं, मागे बघा. सहाच्या सहा कुत्री त्याचं स्वागत करायला धावत येत होती. लियाकत कुत्र्यांना घाबरतो हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. आईशप्पथ. तो थेट कुंपणाचं दार उघडून आमच्यात आला आणि त्याने स्वतःच कडी लावली. उम्म अल क्वैनमध्ये कुत्र्यांपासून इतकी सुरक्षित जागा दुसरी नाही, माझी तशी गॅरंटीच आहे.

सविताने त्याला खुर्ची दिली, पोहे दिले. त्याने विचारलं, पट्टे कधी लावणार? मी म्हटलं, तास पुरा झाल्यावर. घड्याळ बघून त्याने आणखी थोडे पोहे घेतले. मुदीर आमच्याभोवती फेऱ्या मारत होता आणि लियाकतची मान त्याच्याबरोबर फिरत होती. पंधराव्या-सोळाव्या फेरीला तो म्हणाला, "अंबादास भाई, यह तो सिर्फ़ आपको ढूँढ रहा है।" खिशातून त्याने घरमालकाचा कागद काढला आणि मांडीवर ठेवून लिहिला. साक्षीदार म्हणून अलीमियाँनी बाहेरून जाळीतून हात घालून सही केली.

कागदावर असं आहे: कुत्र्याने घरात राहण्यास हरकत नाही. अट एकच, भाडेकरूने रोज संध्याकाळी एक तास जाळीत बंद राहावे. न राहिल्यास करार रद्द.

कागदाचा फोटो अंतराला पाठवला. तिने अल ऐनच्या लोकांना लगेच नको म्हणून कळवलं, ते अर्ध्या वाटेवरून परत फिरले. मग मला मेसेज केला: "बाबा, वेट. हू इज इन द केज?" उत्तर उद्या देईन.

लियाकत अजून इथेच आहे, सविताकडून पोह्यांची कृती लिहून घेतो आहे. मी हे पत्र अटीप्रमाणे आतूनच लिहितो आहे. अजून पाच मिनिटं बाकी आहेत. मघाशी पेन खाली पडलं म्हणून खुर्चीवरून उठलो, तर मुदीर धावता धावता थांबला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. म्हणून पुन्हा बसलो.

लोभ आहे. तो मोकळा सोडावा, पट्टा लावू नये.

तुझा,
अंबादास