नावांची गुंडाळी

३ जुलै १९९९, सलालाह, ओमान

पोचलो एकदाचे! सतीशला बंदरात इंजिनिअरची नोकरी, आणि मला, चक्क मला, लॅटिनचं काम. मुंबईच्या कॉलेजात माझ्या वर्गात शेवटी दोनच टाळकी उरली होती, तीही पेंगणारी. इथे फरिदाबाईंना लॅटिन वाचणारीच बाई हवी होती. त्यांच्या मिस्टरांनी हौसेने युरोपातली जुनी हस्तलिखितं जमवली होती. ते वारले, आणि कपाटांत नेमकं काय आहे हे बाईंना ठाऊक नाही. घर कोंदट आहे, खरीफचं, म्हणजे इथल्या पावसाळ्याचं, धुकं दारापर्यंत येतं, पण मागे नारळाची बाग आहे. सतीशने पिठलं केलं. खूप दिवसांनी दोघं पोटभर जेवलो.

११ जुलै

बाईंनी आज एक गुंडाळी दिली. सातशे वर्षांपूर्वीची, चामड्याची, उलगडली तर आमचा दिवाणखाना व्यापेल. फ्रान्समधल्या मठात कोणी मोठा संन्यासी वारला की एक निरोप्या अशी गुंडाळी गळ्यात अडकवून मठामठांतून पायी फिरायचा. जिथे जाईल तिथे त्याला जेवायला घालायचे आणि खाली लिहून द्यायचे : तुमच्या मृतांसाठी आम्ही प्रार्थना केली, आमच्या मृतांसाठी तुम्ही करा. पुढे आपल्या मृतांची नावं. या गुंडाळीत प्रार्थना झालेल्या प्रत्येक नावापुढे छोटा क्रूस आहे.

ही गुंडाळी अर्ध्या वाटेत थांबलीय. शेवटच्या नोंदीखाली सगळं कोरं. मला घरी बसून तिची हुबेहूब प्रत करायचीय, बोकडाच्या कातड्यावर, बोरूने. बाई म्हणाल्या, आराम से करो, इन्शाल्ला हो जाएगा.

२५ जुलै

मान धरलीय, बोटं आखडलीत. प्रत आज संपली. आमच्या अश्विनला जाऊन उद्या वर्ष होईल. सहा वर्षांचा होता. रडायचंही त्राण नाही आता.

खालची जागा मूळ गुंडाळीसारखी कोरी ठेवायला हवी होती. पण इतक्या लोकांनी आपापली माणसं लिहिली, मग माझं एक का नको? आम्ही बौद्ध, आत्मा मानत नाही. तरी लिहिलं, रीतसर लॅटिनमध्ये : सलालाहचं घर, आमच्या मृतांसाठी प्रार्थना करा. आणि नाव, अश्विन सतीश. वह्यांवर घालत असू तसं, वडिलांच्या नावासकट. आडनाव गाळलं, संन्याशांना कुठे असतं. लिहून जरा हलकं वाटलं.

२८ जुलै

दुपारी दार वाजलं. बाहेर नुसतं धुकं, माणूस नाही. उंबऱ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत चिखलाची अनवाणी पावलं. आत आलेली, परत गेलेली नाहीत. डब्यातली भाकरी अर्धी मोडलेली, ओल्या लोकरीचा वास. पुसून घेतलं सगळं. विचार करायचाही कंटाळा आलाय.

३० जुलै

प्रतीत अश्विनच्या नावापुढे क्रूस आहे. मी काढलेला नाही. माझी शाई काळी, ही तपकिरी. भीती वाटली, आणि लिहूनच टाकते, बरंही वाटलं. माझ्या लेकरासाठी कोणीतरी प्रार्थना केली.

२ ऑगस्ट

सतीशच्या नावापुढेही क्रूस.

आत्ता कळतंय काय करून बसले. मठांच्या नोंदींत एक नाव म्हणजे एक मेलेला माणूस. मुलापुढे बापाचं नाव लावायची रीत आपली, त्यांची नव्हे. तो निरोप्या वाचणार, अश्विन गेला, सतीश गेला. माझ्याच हाताने मी —

सतीश संध्याकाळी आला तेव्हा हात गार होते. म्हणाला, दुखत काही नाही गं, नुसता खलास झालोय.

५ ऑगस्ट

चंद्रहासचा फोन. सतीशच्या शेजारच्या टेबलावर बसतो, मालवणचा. विचारत होता, वयनी, सतीश दोन-तीन दिस कामार येवक नाय, बरो आसा मां?

सतीश रोज डबा घेऊन जातोय. त्याला विचारलं. म्हणाला, जातो, बसतो, पण कोणी माझ्याशी बोलत नाही.

७ ऑगस्ट

डॉक्टर म्हणतो, रिपोर्ट नॉर्मल. सतीश उठत नाही.

ब्लेडने त्याचं नाव खरवडलं. कातडं पातळ झालं, अक्षरं पुन्हा वर आली. जाळावं तर अश्विनचं नावही — नाही. ते नाही होणार माझ्याकडून.

जुने लेखनिक चुकलेलं नाव नुसतं खरवडत नसत. त्या जागी दुसरं लिहीत. जागा मोकळी राहत नसे.

८ ऑगस्ट, दुपार

स्वयंपाकघरात कोणीतरी जेवतंय. भाकरी मोडल्याचा आवाज. मग पावलं —

खोलीच्या दारात उभा आहे. गळ्यात गुंडाळी. सतीशकडे बघतोय. घाई नाही त्याला, माझ्यासारखाच दमलेला दिसतो.

खरवडलं पुन्हा. अक्षरं वर यायच्या आतच त्या जागी लिहिलं. अश्विन नूतन. माझ्या पोटचा होता, माझं नाव लागायला काय हरकत —

सतीशच्या ओठांवर रंग आला. उठून बसला. भूक लागली म्हणतो.

आता मला हाका मारतोय, घरभर. मी ओ देतेय. माझ्या समोरून गेला, दोनदा — अरे सतीश, मी इथेच आहे, या टेबलापाशी, तुझ्या