ऑर्किडला शेणखत

५ एप्रिल २०२५, शनिवार, सकाळी ७.२०

मी आंघोळीला गेले आणि शेजारचे सोपानराव फाटक उघडून आत आले. पुण्याहून मांडीवर ठेवून आणलेलं माझं ऑर्किड त्यांनी कोळशाच्या कुंडीतून उपटलं आणि काळ्या मातीत पुरलं. वर दोन ओंजळी शेणखत!

“मुळं उघडी व्हती, बाई. बघवंना मला.”

निवृत्त कृषी सहायक! अशा माणसाला सरकारने तीस वर्षं लोकांच्या बांधावर मोकळं सोडलं होतं!

९ एप्रिल

पानं पिवळी. मंचरात एकोणचाळीस अंश. भरपाई म्हणून सोपानरावांनी सक्युलंट आणून ठेवलं — जाड, गोल, तुकतुकीत, एखाद्या पुढाऱ्यासारखं.

“म्हैनाभर पाणी नाय घातलं तरी चालतंय. आपल्या उन्हाला ह्येच बरं.”

मी नसले तरी ज्याचं चालेल, असं झाड दारात कशाला? तेहतीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं. लग्न राहिलं ते राहिलंच. सकाळी उठून कुणाची तरी विचारपूस करावीशी वाटते. कुंडी परत पाठवली.

१० एप्रिल

कामाला येणाऱ्या साळुबाईने ऑर्किड मातीतून सोडवलं. तिचं माहेर डिंभे धरणाच्या वर, डोंगरात. “बाई, ह्ये मातीतलं न्हाईच. आमच्याकडं आंब्याच्या फांदीवर ऱ्हातंय.”

दोन मुळं अजून हिरवी आहेत. पण आंबा सोपानरावांच्या अंगणात!

११ एप्रिल

ऑर्किड आंब्याला बांधलं. नारळाची शेंडी आणि सुतळी. शिडीवर सोपानराव, खाली माझ्या सूचना. रोज सकाळी पाण्याचा फवारा मारायला जायचं.

१७ एप्रिल

नवं मूळ! मुंगीएवढं. सोपानरावांनी आंब्याखाली दोन खुर्च्या टाकल्यात. बायको गेल्यापासून नऊ वर्षं चहा उभ्यानेच पितात म्हणे.

समोरची झुंबरबाई रस्त्यावरून ओरडली, “फवारा लई येळ चालतो तुमचा!”

“तुमच्यावरही मारू का?” म्हटलं. गेली.

२० एप्रिल

गुडघा सुजला. गेले नाही. दहा वाजता भिंतीवरून सोपानरावांचं डोकं —

“बाई, झाड ठीक हाय. फवारलं मी. पण अंगणात करमंना.”

लहानपणी कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी डायरीत खोटं लिहायचं नाही म्हणून बजावलं होतं. तर — मलाही करमलं नाही.

२१ एप्रिल

साळुबाईच्या हाती चिठ्ठी पाठवली —

“सोपानराव, माझ्याशी लग्न कराल का? उत्तर लेखी हवं. गुरुवार, २४ एप्रिल, संध्याकाळी पाचच्या आत. तोंडी चालणार नाही.”