टँकरपाशी मोडलेलं मनगट

छबू,

मी अंबाजोगाईच्या दवाखान्यात निघाले. टँकरपाशी पडून मनगट मोडलं, तवाच डॉक्टर म्हणले हुते, एवढ्याशा पडण्यानं हाड मोडतंय म्हंजी ते आतून ठिसूळ झालंय. आज कंबरेची हाडं मशीनवर बघून गोळी चालू करणार हायेत.

सोसायटीच्या डेअरीत दूध घातलंय. तू घागर निम्मीच भरून आण. तुझी बी पाठ वाकायलीय, चिडू नकोस.

पाण्यावरनं भांडलो तवापासनं तू बोलत न्हाईस, म्हणून उठवलं न्हाई.

मागल्या खेपेला डॉक्टरनं विचारलं, "आजी, सोबत कोण आलंय?" मी म्हणले, "धाकटी जाऊ बाहेर बसलीय." बाकड्यावर कुणीच नव्हतं.

दहाच्या यष्टीनं माझ्या मागनं येतीस का?

तुझी थोरली जाऊ,
दगडाबाई